ग्रामीण काउंटीतलं जुनं तिकीट, आता वॉरंट. काय करावं?

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असतो, आज वेगळ्याच फोडणीबद्दल लिहितोय.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॅलसहून बिग बेंडला निघालो होतो. सोबत बायको, लेक आणि साताऱ्याहून आलेले आईबाबा. पश्चिम टेक्सासात एका काउंटीत (नाव लिहीत नाही, अख्ख्या काउंटीत आमच्या पुण्याच्या सोसायटीपेक्षा कमी माणसं असतील) ताशी ७५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ९१ ला सापडलो, वेगाचं तिकीट मिळालं. पोलीसमामा अगदी सभ्य होता. पण बाबांना वाटलं हात ओले करायचे असतात, ते मागच्या सीटवरून पाकीट काढायला लागले. त्यांना आवरता आवरता माझं कागदाकडे लक्षच राहिलं नाही. सही केली, निघालो.

कागदावर हजर राहायची तारीख होती. 'ऑनलाइन भरू' म्हणून ठेवून दिला. काउंटीच्या वेबसाइटवर शेळ्यामेंढ्यांच्या प्रदर्शनाचे फोटो होते, पैसे भरायचं बटण नव्हतं. मग मेमध्ये घर बदललं आणि तो कागद कुठल्या खोक्यात गेला देव जाणे.

परवा एच-वनची (कामाच्या व्हिसाची) मुदत वाढून आली म्हणून लायसन्स रिन्यू करायला डीपीएसमध्ये, म्हणजे इथल्या लायसन्सच्या ऑफिसात गेलो. (आमच्यासारख्यांचं लायसन्स व्हिसाच्या मुदतीबरोबरच संपतं.) काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, होल्ड आहे, कोर्टाशी बोला. घरी येऊन जुन्या पत्त्यावरून फिरून आलेलं टपाल उपसलं तर त्यात तीन पत्रं. एक प्रकरण स्पीडिंगचं, दुसरं 'वचन देऊन हजर राहिला नाहीत' याचं. दोन्हींवर वॉरंट.

पोलीस घरी येतील का? डिसेंबरमध्ये भारतात जायचंय, विमानतळावर अडवतील का? ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे, त्याचं काय? आणि सरळ पैसे भरून टाकले तर मिटेल का?

बायकोला अर्धंच सांगितलंय. बाबांना काहीच नाही. ते म्हणतील, तेव्हाच दोनशे दिले असते तर!

घाटमाथा
त्या रस्त्यावर ९१ म्हणजे उजव्या लेनमधला वेग. तू सापडलास कारण तिथे तू एकटाच होतास.

ओसरी
एवढं काय घाबरायचं? फोन करून कार्ड नंबर द्या, पैसे भरा, विषय संपला. आम्ही तिघा भावांनी मिळून आजवर टेक्सासच्या तिजोरीत किती घातलेत त्याचा हिशोब ठेवणं सोडून दिलंय.

वकीलीण
आयडीवर जाऊ नका, मी वकील नाही. टेक्सासात एका वकिलाच्या ऑफिसात बारा वर्षं हेच कागद सरकवतेय. त्यामुळे हा सल्ला नाही, पाहिलेलं सांगते.

कोरडवाहू, पहिलं म्हणजे ओसरींचं ऐकून लगेच कार्ड नंबर देऊ नका. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. भरलात की स्पीडिंग सिद्ध झाल्याची नोंद होते, आणि दुसरं प्रकरणही भरलंत तर 'हजर राहिला नाही' याचीही. ग्रीन कार्ड चालू असताना ही दुसरी नोंद तुम्हाला नकोय. पहिलीपेक्षा ती वाईट दिसते.

तुमची केस बहुतेक जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या स्थानिक कोर्टात असणार. आम्ही नुसतं जेपी म्हणतो. स्पीडिंग हा क्लास सी गुन्हा, म्हणजे फक्त दंड, कैद नाही. तरीही अटक होऊ शकते, कारण वॉरंट वेगाबद्दल नाही, न येण्याबद्दल आहे. तिकिटावर जी सही केलीत ती दंडाची पावती नव्हती, 'मी अमुक दिवशी येतो' असं लेखी वचन होतं. ते मोडलं म्हणून दुसरा गुन्हा लागला. एका तिकिटाची दोन प्रकरणं होतात ती अशी.

तिसऱ्या पत्रात काय आहे ते नीट वाचा. २०१७ साली इथला कायदा सुधारला. हजर न राहिल्याचं वॉरंट काढण्याआधी कोर्टाने फोन किंवा टपालाने कळवून ३० दिवसांच्या आतली आणखी एक तारीख द्यावी लागते. ती संधी तुमच्या जुन्या घराच्या पेटीत पडून राहिली असणार. पण त्याच सुधारणेत तुमच्या सोयीचंही एक कलम आहे. वॉरंट बजावलं जाण्याआधी माणूस आपणहून आला आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न करू लागला, तर ते वॉरंट कोर्टाने मागे घ्यायचं. म्हणजे पकडून नेलं तर तुरुंग, चालत गेलात तर टेबलासमोरची खुर्ची.

लायसन्सचा होल्ड वेगळा. तो ओम्नी नावाच्या व्यवस्थेतून येतो. कोर्ट कळवतं, डीपीएस रिन्यूअल अडवते. केस मिटली की कोर्टच ओम्नीला कळवतं. डीपीएसशी भांडून काही होत नाही.

उद्या क्लार्कला फोन करा. विचारायचं एवढंच: दोन्ही केसचे नंबर, वॉरंट चालू आहे का, बाँड (जामीन) किती आणि तो रोखच लागतो की वकिलाचा चालतो, आणि जज कोणत्या दिवशी बसतात. "मी काय करू" हे विचारू नका, ती सांगू शकत नाही. आणि गोड बोला. लहान कोर्टात सगळं क्लार्कच्या हातात असतं.

घाटमाथा
म्हणजे आपल्याकडच्या बेलिफासारखं. चहा पाजायचा का?

वकीलीण
@घाटमाथा, नको. ह्यांचे बाबा आधीच पाकीट काढून बसलेत.

पाटबंधारे
मी वेगळं मत मांडतो. माझं २०१८ चं ओक्लाहोमातलं एक तिकीट आहे, शेतांच्या मधल्या एका काउंटीतलं. भरलं नाही. वॉरंटचं पत्रही आलं होतं. मी राहतो कॅलिफोर्नियात. इतकी वर्षं झाली, चारदा भारतात जाऊन आलो, काहीही झालेलं नाही. एवढ्याशा दंडासाठी दीड हजार मैलांवरून शेरीफ येत नसतो, डिझेलचाच खर्च जास्त. हे सगळं वकिलांचं पोट भरायला चाललेलं असतं.

वकीलीण
शेरीफ येत नाही हे खरं. शे-दोनशे डॉलरच्या वॉरंटसाठी दुसऱ्या राज्यातून माणूस उचलून न्यायला कुणीही येत नाही. पण वॉरंट म्हणजे सर्दी नव्हे, आठवड्याने आपोआप जायला. ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट मागे घेईपर्यंत ते जिवंत. इतके दिवस तुम्ही फक्त ओक्लाहोमात गाडी चालवताना पकडले गेला नाहीत, एवढंच सिद्ध झालंय.

शिवाय तुमचं नशीब की तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. बाहेरच्या राज्यातलं तिकीट न भरणाऱ्याचं लायसन्स त्याच्या स्वतःच्या राज्याने रोखायचं, असा राज्याराज्यांचा एक करार आहे. बहुतेक राज्यं त्यात आहेत, कॅलिफोर्निया नाही. उद्या नोकरी बदलून न्यू जर्सीला गेलात की कळेल.

पाटबंधारे
न्यू जर्सीला कोण जातंय!

सायली_एडिसन
हॅलो? मी न्यू जर्सीतच राहते.

जास्वंद
कोरडवाहू, मी या प्रसंगातून गेलेय म्हणून लिहिते. राज्य व्हर्जिनिया.

२०१८ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला मैत्रिणीकडे चालले होते. आय-९५ वर ७० ची मर्यादा, मी ८२ वर. मनात म्हटलं, बारा मैल जास्त, होईल शंभर-दीडशेचा फटका. व्हर्जिनियात तेव्हा ८० च्या वर गेलात की वेगमर्यादा कितीही असो, तो 'रेकलेस ड्रायव्हिंग' धरत. (२०२० च्या जुलैपासून ८५ केलंय.) आणि हे साधं तिकीट नसतं, फौजदारी गुन्हा असतो. बारा महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजारांपर्यंत दंड. मला कुणी सांगितलं असतं तर मी त्या राज्यातून सायकलने गेले असते.

आता माझा खरा पराक्रम. कागदावर कोर्टाची तारीख होती ०४/११. मी आपली वाचली ४ नोव्हेंबर. इथे येऊन सहा वर्षं झाली होती, पण घाबरलं की माणूस मराठीतच वाचतो. ११ एप्रिलला कोर्टात माझं नाव पुकारलं तेव्हा मी एडिसनच्या दुकानात कैऱ्या निवडत होते. मे महिन्यात पत्र आलं, त्यावर शब्द होता 'कपायस'. मला वाटलं विम्याची जाहिरात आहे. फाडून टाकणार होते, नवऱ्याने शब्द शोधला. व्हर्जिनियात बेंच वॉरंटला तेच म्हणतात.

त्यानंतरच्या दोन रात्री झोप नाही. दारावर कुरिअरवाला आला तरी धडकी भरायची. शेवटी तिथलाच एक स्थानिक वकील फोनवर गाठला. मोठ्या शहरातला नाही, त्याच गावातला, ज्याला क्लार्क नावाने ओळखते असा. त्याने अर्ज करून वॉरंट मागे घ्यायला लावलं, नवी तारीख घेतली. मी गेले, तारखेच्या गोंधळाचा खरा किस्सा जजना सांगितला, ते चक्क हसले. स्पीडोमीटर तपासल्याचा दाखला आणि ड्रायव्हिंगचा वर्ग केल्याचं प्रमाणपत्र नेलं होतं. गुन्हा कमी करून साध्या स्पीडिंगवर आणला.

झालं ते तासाभरात झालं. त्याआधीचे दोन महिने फुकट जळले.

घाटमाथा
०४/११ साठी __/\__. हे सरकारला कळलं तर सगळ्या भारतीयांना वेगळं कॅलेंडर देतील.

बाराखडी
अवांतर: बेंच वॉरंटला मराठीत काय म्हणावं? 'बाकाचा हुकूम' नक्कीच नाही. 'न्यायासनाचे पकड वॉरंट' कसं वाटतं? पोलिसाने किंवा फिर्यादीने मागितल्यावर निघतं ते साधं अटक वॉरंट, आणि न्यायाधीशाने बसल्या जागेवरून स्वतःहून काढलं ते बेंच. पकड वॉरंट हा शब्द आपल्याकडे जुन्या बातम्यांत सर्रास असायचा.

ओसरी
पकड वॉरंट छान आहे. सुताराच्या पेटीतलं अवजार वाटतं.

वकीलीण
बाराखडी, गंमत अशी की टेक्सासच्या कोर्टात 'बेंच वॉरंट' म्हटलं की बऱ्याचदा अर्थ होतो तुरुंगातल्या कैद्याला सुनावणीसाठी आणायचा हुकूम. कोरडवाहूंच्या कागदाला इथे एलियस वॉरंट म्हणतात. आणि निकाल लागून दंड ठरल्यावर तो भरला नाही तर निघतं ते केपिअस प्रो फाइन. फोनवर 'बेंच वॉरंट' म्हणालात तरी क्लार्कला समजेल, ती दुरुस्त करत बसणार नाही.

कृष्णाकाठ
मी साताऱ्यात वकिली करतो, अमेरिकेतलं मला ठाऊक नाही. पण वाचताना वाटत होतं आमच्या तालुका कोर्टाचंच चाललंय. चेक बाउन्सच्या केसमधला आरोपी दोन तारखांना आला नाही की आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट. वॉरंटच्या वयाचंही तेच. "वकीलसाहेब, तीन वर्षं झाली, आता वॉरंट मेलं असेल ना?" मरत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२. काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत वॉरंट अमलात. वकीलीणताईंनी वर जे लिहिलंय तेच शब्द.

आणि उपायही तोच. सकाळी अकराला आरोपीला घेऊन जायचं, वॉरंट रद्दचा अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं कारण द्यायचं, जज थोडं रागावतात, थोडा खर्च बसवतात, काम होतं. पोलिसाने रात्री उचलून आणल्यावर त्याच कोर्टातला सूर वेगळा असतो. माझे निम्मे अशील मात्र तारीख चुकली की मामाच्या गावाला जाऊन बसतात.

सुपारी
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना.

कृष्णाकाठ
म्हणतात. त्या म्हणीमुळे आमच्याकडे बरीच वॉरंटं निघतात.

चकली
एक सावधगिरीची सूचना. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना फोन आला, "मी शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय, तुम्ही ज्यूरी ड्यूटीला आला नाहीत म्हणून वॉरंट आहे, दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं घ्या आणि नंबर वाचून दाखवा." सासूबाई व्हिजिटरवर आलेल्या! त्यांनी अर्धा तास त्या माणसाला मराठीतून प्रश्न विचारले, शेवटी त्यानेच ठेवला. कोर्ट कधीही गिफ्ट कार्ड मागत नाही आणि फोन ठेवू नका असंही सांगत नाही. भारतातल्या 'डिजिटल अरेस्ट'चीच ही अमेरिकी मावशी. कोरडवाहू, कुणी फोन केला तर तो ठेवा आणि काउंटीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः लावा.

जाता जाता, नागरिक नसलेल्यांनाही ज्यूरीचं पत्र येतं, कारण यादी लायसन्सवरून बनते. ते फेकू नका. 'मी नागरिक नाही' ही खूण करून परत पाठवा.

पाटबंधारे
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. या ग्रामीण काउंट्या बाहेरच्यांना लुटतात. गावात उद्योग नाही, शाळा चालवायला पैसा नाही, मग उतारावर झाडामागे गाडी लावून बसायचं. स्थानिक माणूस ९१ ने गेला तर हात हलवतात.

उंबरठा
पाटबंधाऱ्यांच्या या मुद्द्यात तथ्य आहे. टेक्सासात पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी कायदाच आहे: वाहतूक दंडाचं उत्पन्न गावाच्या आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ३० टक्क्यांवर गेलं तर वरचा पैसा राज्याकडे जमा करायचा. असा कायदा उगाच होत नाही. फर्ग्युसनचं उदाहरण (ते मिसुरीतलं उपनगर, खेडं नव्हे) तर डोळे उघडणारं आहे. २०१५ च्या मार्चमधल्या न्याय खात्याच्या अहवालात आलं की सुमारे २१ हजार वस्तीच्या त्या गावाच्या कोर्टाची १६ हजारांहून जास्त माणसांवर वॉरंटं थकलेली होती. त्यात बाहेरगावचेही असणार, तरी आकडा वाचून मी चहा खाली ठेवला होता.

दंड परवडत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकू नये, हा निकालही टेक्सासच्याच खटल्यातला. टेट विरुद्ध शॉर्ट, १९७१. ह्यूस्टनच्या एका गरीब माणसावर ४२५ डॉलरचे वाहतूक दंड थकले होते, त्याला ते फेडायला कैदेत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जिथे फक्त दंडाची शिक्षा आहे तिथे गरिबीमुळे तिची कैद करता येणार नाही. त्यामुळे पैसे नसतील तर जजला सांगायचं. हप्ते, समाजसेवा, माफी, सगळं उपलब्ध असतं. पण सांगायला हजर राहावं लागतं, आणि पैसे नसलेला माणूस नेमका त्याच भीतीने जात नाही.

आणि उलट बाजूही टेक्सासनेच दिली. २००१ चा ॲटवॉटर खटला. सीटबेल्ट न लावल्याबद्दल एका बाईला मुलांसमोर बेड्या घालून नेलं. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, अटक घटनेत बसते.

पाटबंधारे
म्हणजे मी बरोबर होतो.

उंबरठा
रोगाबद्दल बरोबर. औषधाबद्दल नाही.

नवखा_ऑस्टिन
मी एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, हा धागा वाचून पोटात गोळा आला. माझंही एक तिकीट आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे २०२५ ला, परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (सरकारी यादीतल्या, ज्यावर व्हिसाचा दर्जा टिकतो) पोलिसांच्या डेटाबेसमधल्या नावांवरून धडाधड बंद केल्या होत्या ना? काहींचं तर नुसतं वाहतुकीचं प्रकरण होतं आणि तेही रद्द झालेलं. पुढे कोर्टकज्जे झाल्यावर परत चालू केल्या, पण माझ्या रूममेटने ते दोन आठवडे कसे काढले ते मी पाहिलंय.

वकीलीण
हो, म्हणूनच तुझ्यासारख्यांनी "काही होत नाही" हे ऐकू नये. तिकिटावरची तारीख गेली आहे का? नसेल तर तू वाचलास. तारखेच्या आत ड्रायव्हिंग सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स मागता येतो. टेक्सासचं लायसन्स असेल, वेग मर्यादेपेक्षा २५ किंवा जास्त नसेल आणि गेल्या वर्षभरात असा कोर्स वापरला नसेल तर बहुतेक मिळतो. केस रद्द होते. तारीख गेली की हा हक्क जातो आणि मग सगळं जजच्या मर्जीवर.

विमानतळाबद्दल, कोरडवाहूंचा प्रश्न राहिलाच होता. देशातल्या देशात उडताना टीएसए (विमानतळावरची सुरक्षा तपासणी) वॉरंट शोधत नाही. परदेशातून परत येताना मात्र इमिग्रेशनचा अधिकारी नाव तपासतो. छोट्या काउंटीचं क्लास सीचं वॉरंट त्याच्या स्क्रीनवर येईलच असं नाही, पण पोरीला कडेवर घेऊन वीस तासांच्या प्रवासानंतर ते येतं की नाही याची परीक्षा कशाला घ्यायची? डिसेंबरच्या आधी मिटवा. आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आधी कळवा. आय-४८५ या ग्रीन कार्डच्या फॉर्मवर तिकिटाबद्दलही विचारतात. लपवलेलं तिकीट मूळ तिकिटापेक्षा महाग पडतं.

कोरडवाहू
सगळ्यांचे आभार. क्लार्कला फोन केला. हात थरथरत होते. बाईंनी पहिलं वाक्य काय टाकलं असेल? "ओ हनी, मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली होती." जणू मी लग्नाला आलो नाही म्हणून रुसलीये. जज सोमवार आणि गुरुवारी बसतात. वॉरंट चालू आहे, पण येताय ना, मग तशी नोंद करून ठेवते म्हणाली. इमिग्रेशनच्या वकिलाने सांगितलं की पैसे भरू नका, आधी डिफर्ड (निकाल काही मुदतीसाठी पुढे ढकलणं) मागा. गुरुवारी निघतोय.

सुपारी
वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घाटमाथा
थांब, तुझं लायसन्स संपलंय ना? कसा जाणार?

कोरडवाहू
@घाटमाथा, हा प्रश्न तू विचारायच्या आधी घरातून आला. म्हणून आता तिला पूर्ण कळलंय.

कोरडवाहू
(दहा दिवसांनी) वृत्तांत देतो, उशीर झाला.

गाडी बायकोने चालवली. सहा तास, ७४ ने. ७५ नव्हे, ७४. मागून ट्रक हॉर्न देत होते.

कोर्ट म्हणजे एक बैठं घर, एका बाजूला कर भरायची खिडकी, दुसऱ्या बाजूला जेपी. दहाला पोचलो तर जज नाहीत. रात्री एका रँचवर कुणी वारलं होतं, ते पंचनाम्याला गेले होते. अशा काउंटीत वेगळा मेडिकल एक्झामिनर नसतो, मृत्यूचं कारण ठरवायचं कामही जेपीचंच. लग्नंही तेच लावतात. तिथे भिंतीवर लग्नाचे फोटो होते आणि शेजारी दंडाचा तक्ता. बारा ते एक जेवणाची सुट्टी, दाराला कुलूप. आम्ही बाहेर गाडीत बसून घरचे धपाटे खाल्ले. लेकीने विचारलं, बाबा तुला जेलमध्ये टाकणार आहेत का? बायको म्हणाली, बघू.

दीडला जज आले. बुटांना माती तशीच. माझं नाव उच्चारायचे तीन प्रयत्न केले, मग "सर" म्हणाले. विचारलं, का आला नाहीत? मी घर बदलल्याचा करारनामा दाखवला आणि तिकीट विसरलो हेही सांगितलं. ते सांगायचं की नाही यावर रात्री आमचा वाद झाला होता, बायकोचं मत होतं की सांगायचं. जज म्हणाले, विसरलो म्हणणारा या महिन्यातला तुम्ही पहिला, बाकी सगळ्यांचं पत्र टपालखात्याने खाल्लेलं असतं.

दोन्ही वॉरंटं मागे घेतली. काउंटी ॲटर्नीचा (सरकारी वकिलाचा) माणूस फोनवर होता, त्याने हजर न राहिल्याची केस रद्द करायला संमती दिली. स्पीडिंगवर ९० दिवसांचं डिफर्ड. त्या मुदतीत दुसरं तिकीट नाही मिळालं तर तेही रद्द, शिक्षेची नोंद नाही. खर्च: कोर्टाचं सगळं धरून २८६, वॉरंटचे ५०, ओम्नीचे १०. एकूण ३४६ डॉलर. ओम्नीचा होल्ड चार दिवसांनी उठला, काल लायसन्सचा तात्पुरता कागद हातात आला.

वकीलीणताई, तुम्ही सांगितलं नव्हतं पण मी निघताना क्लार्ककडून दोन्ही आदेशांच्या शिक्क्यासह नकला घेतल्या.

वकीलीण
शाबास. हे सांगायचं राहूनच गेलं होतं. ९० दिवसांनंतर रद्द झाल्याचा अंतिम आदेशही मागवून ठेवा, तोही शिक्क्यासह. नागरिकत्वाच्या वेळी दहा वर्षांपूर्वीचा कागद मागतात आणि छोट्या कोर्टाने जुनी दफ्तरं काढून टाकलेली असतात.

ओसरी
मी तर कार्ड नंबर द्या म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. आता माझीच जुनी तिकिटं आठवायला लागलीत.

जास्वंद
अभिनंदन! ९० दिवस संपायची तारीख कुठे लिहिलीय? महिना आधी आहे की दिवस?

कोरडवाहू
बायकोने फ्रिजवर अक्षरात लिहून लावलीये. बाबांना काल फोनवर सांगितलं. त्यांनी ३४६ चे रुपये केले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, पावती दिली का रे? म्हटलं दिली. मग ठीक आहे म्हणाले.

पाटबंधारे
एक विचारायचं होतं. ओक्लाहोमाच्या त्या काउंटीचा क्लार्क साधारण किती वाजता येतो? सहज विचारतोय.

वकीलीण
फोन तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी करा. तुमच्याकडे तेव्हा सात वाजलेले नसतील, गजर लावा.